मेणातली हाक

आई स्टेजवर यायला तयार नव्हती. कारखानदाराने अक्षरशः दातांच्या कण्या केल्या, तरी नाही म्हणजे नाही. आणि हा काही साबणाचा किंवा खिळ्यांचा कारखानदार नव्हे बरं, दातांचाच. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात याच्या कारखान्यातली कवळी. दोन मजली इमारत, चाळीस माणसं कामाला, पुढे काचेचं दार. व्यापारी संघाने यंदाचा मोठा सन्मान त्याला जाहीर केला होता. येत्या शनिवारी समारंभ, आणि संघाच्या लोकांची एकच हौस होती की आईने मुलाबद्दल दोन शब्द बोलावेत.

"मला नाही जमायचं," आई फोनवर म्हणाली.

"अगं, दोनच शब्द."

"एकही नाही. तू जा, मी घरून आनंद मानेन."

आणि फोन ठेवून दिला. कारखानदार चिडला. अहो, चिडणारच! माणूस एवढं उभं करतो, शेवटी कोणाला दाखवायला? मंगळवारी भर दुपारी, कामं तशीच टाकून तो तिला समजवायला निघाला. न कळवता तो कधी जात नसे. आधी फोन, मग गाडी, हातात सफरचंदांची पेटी, असा रिवाज होता. तो स्वतः गेला नाही तरी पेटी मात्र दर आठवड्याला ड्रायव्हर नेऊन द्यायचा. त्या दिवशी फोनही नव्हता आणि पेटीही नव्हती.

आई तिसऱ्या मजल्यावर जुन्याच दोन खोल्यांत राहायची. जिना चढताना त्याला वरून हसण्याचा आवाज आला. आईच्या दारासमोर दोन स्टुलं टाकून दोघी बसल्या होत्या, आई आणि शेजारची मास्तरीण. ही मास्तरीण शाळेतून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. काहीतरी सांगून तिने आईला हसवलं होतं, आणि आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. तोंड सताड उघडं होतं. तोंडात एकही दात नव्हता.

त्याला बघितल्याबरोबर आईने हाताने तोंड झाकलं, तशीच उठली आणि आत गेली. चोरी पकडली गेल्यासारखी. बाहेर आली तेव्हा दात जागच्या जागी होते, पांढरेशुभ्र, एका रांगेत.

"ये बाळा. टेक जरा. पाणी आणू?"

टेक. बस नाही म्हणाली, टेक म्हणाली. जन्म गेला दातांच्या धंद्यात, आणि आज पहिल्यांदा त्याचे कान टवकारले. लहानपणी पुढचे दोन दात बाहेर, म्हणून आई त्याला सश्या म्हणायची. अगदी मिशा पिकल्या तरी सश्याच. चार-पाच वर्षांपूर्वी एकदम 'बाळा' सुरू झालं. त्याला वाटलं होतं, चला, कारखाना झाला, मोटार आली, म्हातारीने एकदाचं ते येडपट नाव सोडलं. मनातून बरंच वाटलं होतं, कबूल करायला हवं. आता आठवलं, ती सफरचंदांनाही हल्ली 'फळं' म्हणायची. त्याच्या बायकोला सूनबाई म्हणायची, तीही 'पोरी' झाली होती.

"आई, 'सोसायटी' म्हण बघू."

आईने पदर तोंडाला लावला.

"हे दात तू घालतेस तरी कधी?"

आईने मास्तरणीकडे बघितलं आणि डोळे वटारले. पण ती कसली ऐकते! "तुम्ही येता तेव्हा," मास्तरीण म्हणाली. "तुमचा फोन आला की काकू कवळी धुवायला घेतात. आणि ती सफरचंदं मी खाते. कशाला खोटं बोलू? काकू पाव चहात बुडवून खातात, नाहीतर भात गिळतात."

मग आईने दात काढून टेबलावर ठेवले आणि बोलायला लागली. दातांवाचून तिचं बोलणं ओलं आणि पसरट झालं होतं. ते जसंच्या तसं लिहून मी म्हातारीचं हसं करणार नाही, नीटच लिहितो.

"तुला सांगितलं होतं मी. पहिल्याच महिन्यात. 'स'ला शिट्टी वाजते म्हटलं, टोचतं म्हटलं. तू म्हणालास, सवय होईल."

"मग?"

"मग काय? सवय करत होते."

चार वर्षं! आणि 'सवय होईल' ही काही त्याने त्या दिवशी सहज मारलेली थाप नव्हती. कारखान्यातून जाणाऱ्या प्रत्येक कवळीबरोबर एक गुळगुळीत कागद जायचा, त्यावर पहिलीच ओळ होती: 'सुरुवातीला बोलताना अडचण वाटेल. सवय होईल.' ती ओळ त्याने स्वतः लिहिली होती. त्या ओळीने तक्रारी निम्म्यावर आल्या म्हणून मॅनेजरने पेढे वाटावेत तसं कौतुक केलं होतं.

"पण पुन्हा का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? बाहेर कळलं असतं तर? दातवाल्याच्या आईलाच दात बसेनात! तुझ्या नावाला बट्टा नको म्हटलं." आणि मग जरा थांबून ती म्हणाली, "स्टेजवर बोलावतोस ते ठीक आहे रे. पण माइकवर माझी शिट्टी ऐकून लोक तुला हसतील."

त्याला हसतील! तिला स्वतःची काळजीच नव्हती. तो उठला आणि जिना उतरला. ज्या कामासाठी आला होता ते आता तोंडातून काढायचीही त्याला लाज वाटत होती.

आता या चार वर्षांपूर्वीच्या कवळीची हकिगत सांगायला हवी. आईचे शेवटचे दात पडले तेव्हा कारखानदार दुसऱ्या मजल्याच्या बांधकामात गळ्यापर्यंत बुडालेला. त्याने कारखान्यातला एक माणूस ठसा घ्यायला पाठवला, आणि स्वतः काय केलं, तर कपाटातून सगळ्यात भारी दातांचा संच निवडून दिला. आईसाठी काही कमी पडायला नको, नाही का? पुढचं सगळं मशीनने केलं.

पण तो हे काम शिकला होता ते मशीनवर नाही. तो शिकला एका म्हाताऱ्या कारागिराकडे. लोक त्यांना उस्ताद म्हणायचे. एका खोलीत चूल, टेबल आणि खिडकी, एवढंच दुकान. त्यांच्याकडे कवळीच्या पाच पायऱ्या होत्या: ठसा, साचा, मेण, हाक आणि मग शिजवणं, म्हणजे मेणाची कायमची कडक कवळी करणं. ठसा, साचा सगळेच घेतात. मेणात दात रोवून गिऱ्हाइकाच्या तोंडात घालून बघणं, हेही सगळे करतात. पण हाक फक्त उस्तादांकडे. मेणाचे दात तोंडात असताना ते विचारायचे, "घरात सगळ्यात जास्त हाक कोणाला मारता?" आणि मग म्हणायचे, "मारा. इथून घरी ऐकू जायला पाहिजे अशी मारा." नव्या दातांनी ती हाक स्वच्छ उमटेपर्यंत उस्ताद मेण खरवडत बसायचे. इथे कणभर काढ, तिथे कणभर भर. कोणी बायकोला हाक मारी, कोणी नातीला, एकजण तर कुत्र्याला. मेण आहे तोवरच ऐकून घ्यायचं, उस्ताद सांगायचे, एकदा शिजलं की माणूस त्यात अडकला.

स्वतःचा कारखाना काढल्यावर कारखानदाराने पहिल्या वर्षी हाक ठेवली होती. पण एकेका हाकेला अर्धा-पाऊण तास जायचा. पुढे दवाखाने नुसते ठसे पाठवायला लागले, पार्सलने. माणूसच समोर नाही तर हाक मारणार कोण? एका सोमवारी त्याने भिंतीवरच्या तक्त्यातून ती पायरी खोडली. पाचाच्या चार झाल्या. कोणी काही म्हटलं नाही. उस्ताद तेव्हा हयात होते, आणि त्यांना भेटायला जायचं त्याने त्या आठवड्यापासूनच टाळलं होतं.

शनिवारी समारंभ झाला. नट्टापट्टा करून सगळं शहर आलं होतं. प्रमुख पाहुणे म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश. एके काळी त्यांच्या आवाजाने कोर्टाच्या खिडक्या थरथरायच्या म्हणे. ते माइकसमोर उभे राहिले, छान हसले, आणि कारखानदाराने लांबूनच ओळखलं, दात आपलेच. न्यायाधीशांनी सुरुवात केली, "सन्माननीय सभासद, सुज्ञ स्त्री-पुरुषहो," आणि प्रत्येक 'स'ला माइकमधून बारीक, लांबलचक शिट्टी निघाली. लोक सभ्य होते. कोणी खाली बघितलं, कोणी रुमाल तोंडाला लावला. मागच्या रांगेत मात्र दोन पोरी एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. न्यायाधीशांनी ते बघितलं. भाषण दोन पानांचं होतं, त्यांनी पहिल्याच पानावर आवरलं.

मानचिन्ह हातात देताना ते कारखानदाराच्या कानाशी वाकले. "दात उत्तम आहेत हो तुमचे. नातवंडं तेवढी हल्ली माझ्याकडून गोष्ट ऐकत नाहीत, हसत सुटतात. होईल त्यांना सवय."

मग कारखानदाराला बोलायला उभं केलं आणि त्याची दातखीळ बसली. खिशात चार पानी भाषण होतं, कष्ट, जिद्द, स्वप्नं, सगळा मसाला त्यात होता. 'आभारी आहे' म्हणून तो खाली बसला. लोकांना वाटलं, काय हा नम्र माणूस! टाळ्या थांबेचनात. एकेक टाळी त्याला गालावर बसल्यासारखी लागत होती.

रविवारी सकाळी तो कारखान्यात गेला. दात रोवणाऱ्या बायकांत एक जुनी बाई होती, पहिल्या वर्षापासूनची, सुटीच्या दिवशीही जादा काम करणारी. तिच्याकडून त्याने मेणाच्या पट्ट्या, चाकू आणि दिवा मागून घेतला.

"साहेब, तुम्ही करणार?" तिने विचारलं. हसू दाबलं होतं, पण दिसत होतं.

करणार म्हणजे काय, पंधरा वर्षं त्याच्या हातात पेनाशिवाय काही आलेलं नव्हतं. आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पहिला ठसा घेताना त्याने लगदा इतका भरला की आईला उबळ आली आणि ती डोळे पांढरे करून त्याच्या मनगटावर चापट्या मारायला लागली. दुसरा ठसा हलला. तिसरा जमला. मेणात दात रोवले, ते जुन्या बाईला नेऊन दाखवले, तर ती म्हणाली, "साहेब, हे दात आहेत की कुंपण?" त्याने सगळे उपटले आणि पुन्हा रोवले. या वेळी जरा मागेपुढे, एखादा किंचित कलता, माणसाचे असतात तसे. यात तीन रविवार गेले. मॅनेजरचे फोन येत होते, ते वाजून वाजून बंद पडायचे. बोटांना चटके बसले होते. इतकं करून त्याला काही फार थोर वाटत होतं असं समजू नका. प्रत्येक चटक्याला त्याच्या मनात यायचं, हे चार वर्षांपूर्वी करायचं होतं, एका दुपारचं काम होतं.

तिसऱ्या रविवारी, उन्हं टेबलावर आलेली असताना, त्याने मेणाचे दात आईच्या तोंडात बसवले.

"चावू नकोस हं. मेण आहे. नुसती हाक मार."

"कोणाला?"

"घरात सगळ्यात जास्त ज्याला हाक मारतेस त्याला. इथून ऐकू जायला पाहिजे."

आणि तो चाकू घेऊन समोर बसला. खरं सांगू? त्याला माहीत होतं कोणतं नाव येणार. सश्या. 'स'ला लागूनच 'श', महाकठीण. त्याने टाळूमागचं मेण त्याच नावाच्या मापाने घडवलं होतं, गाडीत एकटा असताना ते नाव स्वतःच पुटपुटून बघितलं होतं. आता फक्त तिने म्हणायचं बाकी होतं.

आईने विचार केला. मग मान भिंतीकडे वळवली, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली, "मास्तरीणबाई!"

'स'ला शिट्टी वाजली.

"वाजली ना?" आई म्हणाली. "काढ जरा मेण. बघतोस काय असा?" मग तिने त्याचा चेहरा नीट बघितला आणि ती समजली. आईच ती. "अरे, वाईट वाटलं तुला? हाक कोणाला मारतात बाबा? हाकेच्या अंतरावर असेल त्याला. तुला मी फोन करते."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं, परतवता आला असता. तिने साधं खरं ते सांगितलं होतं. त्याने दात काढून घेतले, चाकू दिव्यावर धरला, आणि स्वतःच्या नावासाठी घडवलेलं मेण खरवडायला लागला.

दुसऱ्यांदाही शिट्टी वाजली, पण अर्धीच. तिसऱ्यांदा आईने हाक मारली आणि पलीकडे धाडकन दार आपटलं. मास्तरीण धावत आली, हात पिठाने भरलेले, चेहरा पांढराफटक.

"काय झालं? पडलात का पुन्हा?"

"काही नाही, काही नाही," आई घाईने म्हणाली. "दात बघतोय तो."

मास्तरीण मटकन स्टुलावर बसली. "जीव गेला की हो माझा! चार वर्षांत एरवी कधी हाक नाही मारलीत, वाटी वाजवता नुसती भिंतीवर. आज एकदम माझं नाव! म्हटलं, झालं."

"पुन्हा म्हणजे?" कारखानदाराने विचारलं. "पुन्हा पडलात म्हणजे काय?"

"मास्तरीणबाई, गप्प बसा."

"का गप्प बसू? काकू, त्यांना माहीत नको? गेल्या वर्षी न्हाणीघरात पडल्या होत्या. कवळी नव्हती तोंडात. सकाळी नऊपासून ओरडत होत्या. मला ऐकू येत होतं हो, तेच तर..." मास्तरणीचा तो शाळेतला आवाज एकदम बसला. "मला वाटलं, रस्त्यावर कोणी भांडतंय. शब्दच कळेना. माझंच नाव घेत होत्या आणि मला कळलं नाही. दुपारी एकला मी दार वाजवलं."

तेव्हा त्याला आईने सांगितलं होतं की पाय मुरगळला. त्याने ड्रायव्हरबरोबर एक उत्तम काठी पाठवली होती, मुठीला कातडं लावलेली. चार तास. ओल्या फरशीवर चार तास आई एकच नाव घेत पडली होती, आणि ते नाव तिच्या तोंडातून बाहेर येईपर्यंत मोडत होतं. कोणामुळे, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. आईने त्याच्याकडे बघितलं नाही. ती टेबलावरचे मेणाचे तुकडे बोटाने गोळा करत राहिली.

"माफ कर" हे फार तोकडं झालं असतं. त्याने चाकू खाली ठेवला.

"मास्तरीणबाई, तुमचं स्वयंपाकघर कुठल्या बाजूला?"

"मागच्या. का हो?"

"मला तिथे घेऊन चला. आई, तू न्हाणीघरात जा. दार लाव. आणि मी गेल्यावर शंभर आकडे मोजून हाक मार."

"तुला वेड लागलंय का?" आई म्हणाली, आणि तो 'तुला' अगदी नीट उमटला. पण ती काठी टेकत न्हाणीघराकडे गेली.

मास्तरणीच्या स्वयंपाकघरात त्याने मागचं दार लावलं, पुढचं लावलं, खिडकीही लावली. नळ पूर्ण सोडला. मास्तरणीला रेडिओ लावायला सांगितलं. मग तो ओट्याला पाठ लावून उभा राहिला आणि कान दिला. पहिल्यांदा भिंतीतून आलं ते नुसतंच काहीतरी, रस्त्यावरच्या भांडणासारखं. तो परत गेला, न्हाणीघराच्या उंबऱ्यात उकिडवा बसून मेण खरवडलं आणि पुन्हा आला. दुसऱ्यांदा नावाचं शेपूट कळलं. तो पुन्हा गेला. पाचव्या खेपेला आई वैतागली, "अरे शिजव आता, कान किटले माझे." सहाव्या खेपेला तिचा पाय दुखायला लागला, म्हणून तिच्यासाठी न्हाणीघरात स्टूल ठेवलं.

सातव्या खेपेला नळ धो धो वाहत होता, रेडिओवर कोणी बाई बातम्या सांगत होती, आणि त्या सगळ्यातून, दोन भिंती आणि तीन दारं ओलांडून, नाव आलं. अख्खं. प्रत्येक अक्षर सुटं.

"मास्तरीणबाई!"

मास्तरणीने ओ द्यायला तोंड उघडलं. त्याने हात वर करून तिला थांबवलं.

"ओ," तो भिंतीकडे तोंड करून ओरडला. "आलो, आई. आलो."